लकवा झालेल्या हाताचं काम काढून घेऊ नका

कापसाची वेचणी लागली की गावात कोण कामावर आहे अन् कोण घरी बसलं आहे, याचा हिशेब आपोआपच होतो. दर्यापूर तालुक्यात काय किंवा शेजारच्या अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट भागात काय, कोणत्याही गावात चक्कर टाका, ओसरीवर खाट टाकून बसलेला एखादा माणूस दिसतोच. कालपरवापर्यंत तो डवरा हाकत होता, बाजारात बैलाचे दात पाहत होता. आता एक हात मांडीवर पडलेला, बोटं आत वळलेली. घरच्यांना विचारावं तर उत्तर ठरलेलं असतं, "लकवा मारला बाप्पा. आता काय, बसूनच खायचं." या वाक्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग घरानं अन् गावानं मिळून ठरवलेला आहे, आणि आमची तक्रार त्या दुसऱ्या भागाबद्दल आहे.

शेतीच्या पानावर दुखण्याची चर्चा काहून, असं कोणी विचारील. पण शेती हातावर चालते. घरातल्या कर्त्या माणसाचा हात गेला की दुसऱ्या वर्षी वावर ठोक्यानं जातं, तिसऱ्या वर्षी बैलजोडी विकली जाते, आणि पुढं सातबाऱ्यावरच्या नावापर्यंत गोष्ट जाऊन पोचते. कीड आली तर आम्ही धावत येतो. पण कर्ता माणूसच एका बाजूनं लुळा पडला तर त्या घरी जाऊन 'पुढं काय करायचं' हे सांगणारं कोणतंच खातं नाही.

हा श्रीमंताचा, शहराचा आजार आहे असाही एक समज आहे. गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेनं, म्हणजे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेनं, २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघातानं झालेले निघाले. सातातला एक! मृत्यूच्या कारणांत पहिला नंबर. आणि त्यातली बहुतेक माणसं दवाखान्यात नव्हे, घरीच गेली. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ही गत असेल तर आपल्या काळ्या मातीच्या मुलखात फार वेगळं चित्र असेल असं मानायला कारण नाही. जे जगले-वाचले त्यांची गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

लकव्यात होतं काय, ते आधी नीट समजून घ्यावं. मेंदूतली रक्ताची नळी गुठळीनं बंद होते किंवा फुटते. मेंदूचा तेवढा भाग मरतो आणि त्याच्या ताब्यातला विरुद्ध बाजूचा हात-पाय ढिला पडतो. म्हणजे हात बिघडलेला नसतो. शेतकऱ्याला सांगायचं तर विहिरीवरची मोटार जळालेली नाही, केबलही तुटलेली नाही, डीपीवरून लाइनच येत नाही. आता मेंदूची एक गोष्ट महावितरणपेक्षा बरी आहे. मेलेल्या भागाचं काही काम शेजारचा भाग हळूहळू अंगावर घेऊ शकतो, बाजूच्या फीडरवरून लाइन ओढावी तसं. पण त्याला मागणी लागते. हात रोज हलवायचा प्रयत्न झाला, पुन्हा पुन्हा झाला, तर नवी लाइन बसते. मागणीच नसली तर मेंदू ते काम सोडून देतो.

सुधारणेचा सर्वात मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत पडतो. त्यानंतर वेग कमी होतो, पण सहा महिन्यांनी दार बंद झालं असं मात्र नाही. वर्षा-दोन वर्षांनीही कामाच्या सरावानं हात थोडा पुढं गेल्याचे दाखले आहेत. तेव्हा मूग पेरल्यावर पहिल्या पंधरवड्याला जेवढं महत्त्व, तेवढंच या पहिल्या तीन महिन्यांना आहे. आपल्याकडे नेमके हेच तीन महिने वाया जातात. कोणी सांगतो अमक्या देवस्थानाला सात फेऱ्या घाला, कोणी सांगतो पारव्याचं रक्त चोळा. श्रद्धेबद्दल आमचं काही म्हणणं नाही, देवाला जरूर जावं, पण पारव्याच्या रक्तात मेंदूची नळी उघडायचा गुण नाही. तेलाची मालिश हलक्या हातानं केली तर अंगाला बरं वाटतं, सांधे मोकळे राहतात. मात्र दुसऱ्यानं चोळून दिल्यानं मेंदू शिकत नाही, त्यासाठी हात स्वतः हलवावा लागतो. आणि शेक देताना फार सांभाळावं. लकव्याच्या हाताला पुष्कळदा चटका कळत नाही. तापलेल्या विटेनं किंवा मिठाच्या पुरचुंडीनं कातडी भाजून निघते आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

पहिल्या तासांबद्दलही इथंच सांगून टाकतो. तोंड वाकडं झालं, हात वर करून ठेवता येईना, बोलणं अडखळलं, तर खाटेवर निजवून वाट पाहू नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही डोक्याचा सीटी स्कॅन झाल्यावरच, कारण नळी फुटलेली असली तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. म्हणून घरगुती अ‍ॅस्पिरिनही चारू नये. दर्यापुराहून अमरावती अन् अकोला दोन्ही पन्नासेक किलोमीटरच्या आसपास. १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅन जिथं चालू आहे तिथंच न्या असं स्पष्ट सांगायचं. ज्यांना एकदा झटका येऊन गेला त्यांनी बी.पी.ची गोळी 'आता बरं वाटते' म्हणून बंद केली तर दुसऱ्या झटक्याला आमंत्रणच दिलं म्हणायचं.

आता हाताच्या ताकदीकडे वळू. लकवा झालेल्याच्या हाती घरचे काय देतात? रबरी चेंडू. दाब म्हणतात. चेंडू दाबणं अगदीच वाईट असं नाही, पण नीट पाहिलं तर बहुतेक लकव्याच्या हाताची मूठ आवळलेलीच असते. आवळणं मेंदू लवकर शिकतो. अडतं ते उघडणं. तांब्या धरायचा तर आधी बोटं तांब्यापेक्षा मोठी उघडावी लागतात, आणि ठेवायचा तर बरोबर वेळी सोडावा लागतो. ज्यांनी तिफणीमागं सरता धरला आहे त्यांना हे अधिक सांगायला नको. मुठीत बी सगळ्यांच्याच असतं; पण दर पावलाला मोजके दाणे सोडणारी बोटं एखादीचीच असतात. पेरणी त्या सोडण्यावर ठरते. लकव्याच्या हाताचंही तसंच आहे, म्हणून धरण्याइतकाच सोडण्याचा सराव द्यावा. वाटीतले तुरीचे दाणे उचलून दुसऱ्या वाटीत टाकणं हा त्या दृष्टीनं चेंडूपेक्षा चांगला व्यायाम आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

मूठ फारच घट्ट आवळलेली असेल तर बोटं जबरीनं ओढू नयेत. मनगट थोडं आत वाकवलं की बोटं आपसूक सैल होतात. मग अंगठा अन् बोटं हळूच उघडून तळवा पाटावर टेकवावा, आणि मग मनगट सावकाश सरळ करावं. बंद मुठीत घाम साचून कातडी सडते, नखं रुततात, म्हणून तळवा रोज धुवून कोरडा करावा. बसलेला असताना हात खाली लोंबू देऊ नये, सूज येते. मांडीवर उशी किंवा पाट ठेवून त्यावर टेकवावा. आणि एक फार महत्त्वाचं: माणसाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. खांद्याचा सांधा जागेवर राहतो तो स्नायूंच्या जोरावर. तो जोर गेलेला असतो, त्यात ओढलं की सांधा निसटतो, आणि मग दुखण्यापायी तो माणूस हात हलवायलाच तयार होत नाही.

अमेरिकेत एडवर्ड टॉब नावाच्या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. माकडाच्या एका हाताची संवेदना शिरा कापून काढून टाकली, तर ते तो हात वापरीनासं झालं. पण दुसरा, चांगला हात बांधून ठेवला तेव्हा तोच 'निकामी' हात ते वापरू लागलं! म्हणजे हात न वापरणं हा काही अंशी सवयीचा भाग होता. पहिल्या दिवसांत हात वापरून पाहिला, जमलं नाही, म्हणून सोडलं. पुढं थोडं बळ आलं तरी सोडलेलं सोडलेलंच राहिलं. यावरून माणसांसाठी उपचार निघाला. चांगल्या हातात जाड मोजा घालून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून कामं करून घ्यायची. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर तिथं त्याची चाचणी घेतली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हात सुधारल्याचं दिसलं. घरी मात्र कोणी चांगला हात बांधून ठेवू नये. त्याला मनगट-बोटं थोडी तरी उघडावी लागतात, आणि दोन्ही हात अडले की माणूस पडतो. तो उपचार जाणकाराच्या देखरेखीखालचा आहे.

पण त्यातली शिकवण आपल्या घराला लागू पडते. आपल्याकडे मोजा घालायची गरजच नसते, उलटंच चालतं. दुबळा हातच नव्हे तर चांगला हातसुद्धा आपण बांधून टाकतो, तोही मायेनं. त्यानं तांब्याकडे हात केला की सून म्हणते, "राहू द्या मामाजी, मी देतो." तो बंडी घालू लागला की पोरगा म्हणतो, "बाबा, तुमी बसा, मी घालून देतो, वेळ होते." पाहुणे आले की, "काका, तुमी कायले उठता?" यात वाईट हेतू कोणाचाच नाही. सकाळच्या घाईत बंडीचं एक बटन लावायला दहा मिनिटं कोण थांबणार? पण ती दहा मिनिटं हाच त्या हाताचा उपचार असतो. २००९ च्या एका पाहणीत दवाखान्यातल्या व्यायामाच्या एका बैठकीत हातानं कामाची हालचाल सरासरी ३२ वेळाच होते असं आढळलं. बत्तीस वेळा! आपली बाई कापूस वेचताना एका ओळीतच त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा बोंडाकडं हात नेते. जो हात सारा जन्म हजारोंच्या हिशेबानं चालला, त्याला बत्तीसवर ठेवून तो सुधारेल कसा?

म्हणून काम द्या. अगदी सोप्यापासून सुरू करा. बोटं हलतच नसतील तर दुबळा हात चांगल्या हातानं धरून ताटावर, पाटावर फडक्यानं पुसायला लावा. थोडी हालचाल आली की शेंगा फोडणं, तूर सोलणं, डाळीतले खडे निवडणं, सरकी गोळा करणं, लसणाच्या पाकळ्या काढणं. दोन्ही हातांचं काम म्हणून अंबाडीचा दोर वळणं फार चांगलं, कारण चांगला हात दुबळ्याला ओढून नेतो. वेचणीच्या दिवसांत आवारातच पऱ्हाटीची चार झाडं पाहून खुर्चीवर बसवून बोंडं वेचायला लावायला काय हरकत आहे? दिवसातून चार-पाच वेळा, पंधरा-वीस मिनिटं. थकला की थांबवायचं, खांदा दुखला तर त्या बाजूचं काम सोडायचं. काम खरं असावं. निवडलेली डाळ संध्याकाळी शिजली पाहिजे. लहान पोराला खेळायला द्यावं तसं खोटं काम दिलं की जाणत्या माणसाला ते लगेच कळतं, आणि तो उठून खाटेवर जातो.

एक आरसाही उपयोगी पडतो. भिंतीवरचा आरसा काढून दोन्ही हातांच्या मधोमध उभा धरायचा, दुबळा हात आरशामागं लपवायचा आणि चांगल्या हाताची हालचाल आरशात पाहायची. पाहणाऱ्याला वाटतं दुबळाच हात हलतो आहे. ऐकायला जादूसारखं आहे, पण हा मान्य झालेला उपचार आहे.

प्रगतीची नोंद ठेवावी. आपण पावसाची, फवारणीची ठेवतो (निदान ठेवावी असं आम्ही सांगत असतो), तशीच. अर्धा तांब्या पाणी किती वेळ धरलं, एका वाटीतून दुसरीत किती दाणे गेले, बटन लावायला किती वेळ लागला, हे आठवड्यातून एकदा कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवायचं. रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, आकड्यात दिसतो.

काही कामं मात्र देऊ नयेत, त्यानं कितीही हट्ट केला तरी. कडबा कुट्टी, थ्रेशर, विहिरीचा काठ, मारका बैल, पाठीवरचा फवारणी पंप. झटका येऊन गेलेल्या माणसाचं एका बाजूला लक्षच राहत नाही असंही होतं. ताटातली अर्धी भाजी तशीच ठेवणारे रुग्ण असतात, ते काही रुसलेले नसतात. अशा माणसाला यंत्रापाशी उभं करणं म्हणजे दुसरा अपघात ओढवून घेणं होय. मोटरसायकलही डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय नाही.

घरातल्या घरात स्वतःचं स्वतः करता यावं यासाठी थोडी जुळवाजुळव लागते, आणि ती गावातला सुतार अन् शिंपी करून देऊ शकतो. कपडे घालताना दुबळा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी, एवढा नियम पाळला तरी निम्मी झटापट वाचते. नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा, बटनांऐवजी चिकटपट्टी. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की जाड होतो, पकडता येतो. मोरीत स्टूल, दांडीचा मग, साबण जुन्या मोज्यात घालून खुंटीला टांगलेला. संडासात भिंतीला पाइपचा आडवा दांडा, आणि बसायला मध्ये भोक पाडलेली खुर्ची. संडासाला जाताना दुसऱ्याला हाक मारावी लागणं, यासारखी मान खाली घालायला लावणारी गोष्ट नाही. हजार रुपयांत होणाऱ्या या दांड्यापायी किती म्हातारी माणसं रात्री पाणी प्यायचं टाळतात, याचा विचार करावा.

बाईला लकवा झाला तर प्रश्न आणखी वेगळा. पुरुष खाटेवर बसला तर त्याला 'बिमार' म्हणतात. बाई चार दिवसांत चुलीपाशी दिसली नाही तर कुरकूर सुरू होते, नाहीतर मग तिला एकदम कोपऱ्यात बसवून सगळं सुनेच्या हाती जातं. विळीवर एका हातानं चिरणं धोक्याचं आहे. त्याऐवजी पाटाला खालून दोन खिळे ठोकून वर काढायचे, बटाटा-वांगं त्यात रोवायचं आणि चांगल्या हातानं सुरीनं चिरायचं. कामाखेरीज पाट झाकून ठेवायचा, घरात लेकरं असतात. परातीखाली ओलं कापड घातलं तर कणीक एका हातानं मळता येते, दुबळा हात परातीच्या काठावर ठेवायचा. भाकर थापणं उशिरा येतं, पण थापायचा प्रयत्न हा उघड्या तळव्याचा उत्तम व्यायाम आहे. मोडली तर मोडली.

हाताला काम देऊन माणूस उभा करायचा, ही कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव उर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ पासून हेच केलं. कुष्ठरोगानं बोटं गेलेल्या, घरानं टाकलेल्या माणसांच्या हातांना शेतीपासून सुतारकामापर्यंत काम दिलं. तो आजार वेगळा, हा वेगळा. पण बोटं नसलेले हात जर काम करू शकले, तर पाचही बोटं शाबूत असलेला हात आपण खाटेवर का टाकून द्यावा?

इथं कोणी म्हणेल, मग झालं तर, घरचेच सगळं करतील, सरकारनं काय करायचं? तसं अजिबात नाही. भारतात १४ दवाखान्यांत १२५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायामाचं शिक्षण देऊन घरी पाठवलं, निम्म्यांना नेहमीप्रमाणे. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, शेकडा ४७. म्हणजे घरच्यांना थोडं शिकवून त्यांच्यावर सोपवून दिलं की काम भागतं, हे खरं नाही. घरची माया अन् मेहनत पाहिजेच, पण तिला वारंवार दिशा देणारा, हात पाहून आज हे करा, ते थांबवा असं सांगणारा माणूसही पाहिजे. तो म्हणजे फिजिओथेरपिस्ट, आणि तो आज शहरात आहे. एका हातापायानं लुळ्या माणसाला एस.टी.त चढवून आठवड्यातून तीनदा अमरावतीला कोण नेणार? दोन फेऱ्यांत घर थकतं. आमची मागणी साधी आहे: उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत व्यायामोपचाराची जागा भरलेली असावी, आणि महिन्यातून ठरल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रावर त्याची फेरी असावी. बाजाराचा दिवस धरला तर येणाऱ्यांचीही सोय होईल. अमरावतीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, अकोल्याचं त्याआधीपासून आहेच. त्यांची माणसं खेड्यावर यायला हरकत नसावी.

आता गावच्या कारभाऱ्यांकडे. पहिली गोष्ट प्रमाणपत्राची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे लकव्यानं आलेलं अपंगत्व धरलं जातं, आणि ४० टक्के किंवा अधिक भरलं तर बहुतेक सवलतींचा रस्ता उघडतो. तपासणी झटक्यानंतर सहा महिन्यांनी होते. गावात मात्र कुजबुज अशी असते की हात जास्त हलवू नको, टक्के कमी भरतील. निराधार योजनेच्या अनुदानासाठी सोन्यासारखे सहा महिने हात गुंडाळून ठेवायचा, हा फार तोट्याचा सौदा आहे. अनुदान मिळालंच पाहिजे, गरीब घराचा तो हक्क आहे. पण कापसाच्या दोन वेचण्यांची मजुरी त्या अनुदानाशी ताडून पाहा म्हणजे हाताची किंमत कळेल. आणखी एक गैरसमज दूर करावा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना अपघातासाठी आहे. लकवा हा आजार असल्यानं तो तीत बसत नाही. दलालाला पैसे देऊन फाइल करू नये.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. आवळलेल्या मुठीचा ठसा मशीन घेत नाही, मग रेशनही अडतं अन् पी.एम. किसानचे दोन हजारही. पी.एम. किसानच्या ई-केवायसीसाठी जून २०२३ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवायची सोय झाली आहे. आधारमध्ये डोळ्यांच्या बुबुळाचीही सोय आहे. ही माहिती रेशन दुकानदारानं अन् आमच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांनी घरी जाऊन सांगितली पाहिजे. लुळ्या माणसाला ऑटोत घालून तालुक्याला बोलावण्यात काही शहाणपण नाही. बँकेत सही जुळत नाही म्हणून पैसे अडवतात, तिथं रिझर्व्ह बँकेच्याच सूचना आहेत: आजारानं सही करता येत नसेल तर हाताच्या अंगठ्याचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस. शाखेत 'असं काही नसते' असं उत्तर मिळालं तर लेखी मागावं. डाव्या हातानं सही जमू लागली असेल तर नवीन नमुना सही नोंदवून टाकावी.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. उजवी बाजू गेली की पुष्कळदा वाचाही जाते. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे. 'हो' अन् 'नाही' मानेनं, बोटानं, डोळ्यानं सांगता येतं. अशा काळात घरात वाटणीची घाई सुटते, आणि लुळा हात धरून कागदावर अंगठा उमटवला जातो. तलाठी भाऊंनी (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), सरपंचांनी, पोलीस पाटलांनी अशा कागदापाशी थांबावं. त्या माणसाशी एकट्यात बसावं, एकच प्रश्न दोनदा उलटसुलट विचारावा, आणि मगच पुढं जावं. आधार देऊन उमटवलेला अंगठा अन् दाबून उमटवलेला अंगठा कागदावर सारखाच दिसतो.

आणि शेवटी ग्रामपंचायतीचा निधी. स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी मार्चअखेरीला नावाप्रमाणे रक्कम वाटून विषय संपतो. त्याच पैशातून लकव्याच्या घरी संडासातला दांडा, कमोडची खुर्ची, चौपायी काठी देता येते. पंचायतीच्या पायऱ्यांना कठडा अन् बाजूनं उतार करता येतो. गावात अशी घरं किती आहेत हे आशाताईंना माहीत असतं. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, यादी आधी तयार ठेवावी, आणि त्या सभेला ज्यांच्यासाठी खर्च करायचा त्यांनाही आणावं. खुर्ची लागेल, ती शाळेतून मागवता येते.